चाखणकरांचं स्टूल

सून दारात चपला काढत होती तेवढ्यात चाखणकरांनी वर्तमानपत्र खाली केलं, नाक जरा पुढे काढलं आणि म्हणाले,

"आज तेल बदललंत वाटतं."

सुनेने हो म्हटलं. भट्टीवाला टाळाटाळ करत होता, शेवटी आज सकाळी त्याला बदलायला लावलं, असंही तिने सांगितलं आणि ती हातपाय धुवायला गेली. तिच्या कपड्यांबरोबर गरम तेलाचा, बटाट्याचा आणि मिरपुडीचा वास घरात आला होता, तो मागे राहिला. चाखणकरांनी तो छाती भरून घेतला आणि मग रागाने वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. नवऱ्याच्या शर्टाला परक्या अत्तराचा वास आल्यावर एखाद्या बाईचं जे होतं, ते चाखणकरांचं रोज संध्याकाळी होत असे. फरक एवढाच, की हा वास परका नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता आणि आता सुनेच्या अंगाला येत होता.

चाखणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकाला ठाऊक. वेफर्सच्या त्या कारखान्यात ते तरुणपणी लागले ते बटाटे सोलायला. पण कोणीतरी एकदा त्यांना चव विचारली, ती बरोबर निघाली, मग दुसऱ्यांदा विचारली, आणि हळूहळू लोक त्यांना चाखणकर म्हणू लागले. पुढे पुढे तर त्यांच्या बायकोलाही बाजारात चाखणकरवहिनी म्हणून हाक मारत आणि ती वळून बघत असे.

काम साधं होतं आणि दुसऱ्या कोणालाही न जमणारं होतं. तळलेले वेफर्स एका फिरत्या पिंपात पडत, वरून मीठमसाला भुरभुरवला जाई आणि पिंपाच्या तोंडाशी लाकडी स्टुलावर चाखणकर बसलेले असत. एक वेफर उचलायचा, छताकडे बघत चावायचा आणि दोनांतला एक शब्द बोलायचा. "थोडं" म्हटलं की मीठ आणखी पडायचं. "बस" म्हटलं की थांबायचं. मापाने मीठ घालून भागत नसे, कारण बटाटा रोज वेगळा. साठवणीतला बटाटा गोडसर होतो, नवा पाणचट असतो, तळणीत राहिला की कडवट होतो. त्याला किती मीठ लागेल हे जीभच सांगणार. मालकीणबाईंचीही ना नव्हती. असणार कशी? वेफर्स विकण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण तळलेला तुकडा तोंडात टाकला की छातीत आग पडायची. आपला माल त्यांनी कधी चाखलाच नव्हता. त्या चाखणकरांच्या तोंडाकडे बघून माल बाहेर सोडायच्या.

आणि चाखणकर चाखलेलं गिळायचे. इतर कारखान्यांत म्हणे थुंकतात. ज्याला आपल्याच मालाची किळस येते त्याने चव बघू नये, असं त्यांचं मत होतं.

मग एका दुपारी ते "थोडं" म्हणाले आणि स्टुलावरून घसरून खाली बसले.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि स्वतःचाच घाम पुसला. मिठाचं किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा बायको म्हणाली, की अहो, हे तर मिठाचंच खातात. डॉक्टर हसले नाहीत. जास्तीचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाणी वाढलं की रक्त नळ्यांमधून जोराने ढकलावं लागतं, तो जोर रात्रंदिवस हृदयाला, मूत्रपिंडाला आणि मेंदूतल्या बारीक नसांना सोसावा लागतो, आणि वाईट गोष्ट ही, की त्यात काही दुखत नाही, असं त्यांनी सांगितलं. दुखलं असतं तर तुम्ही कधीच आला असतात, म्हणाले. औषध लिहून दिलं. जेवणातलं मीठ निम्म्याच्याही खाली आणायला सांगितलं, पाकिटातलं खारं काही म्हणजे काही खायचं नाही असं बजावलं, आणि स्टुलावर तर बसायचंच नाही.

चाखणकरांना आजाराचं इतकं वाईट वाटलं नाही. आजार कोणाला चुकलाय? पण आठवडा उलटायच्या आत मुलगा जेवताना आनंदाने सांगू लागला, की मालकीणबाईंनी सगळ्यांना चव विचारून बघितली आणि पाकिटं बंद करणाऱ्यांमधून एकीनेच अचूक सांगितलं, की आजचा बटाटा साठवणीतला आहे. ती एक म्हणजे त्याची बायको. उद्यापासून स्टुलावर तीच.

"घरातलं घरातच राहिलं, बाबा," मुलगा म्हणाला.

चाखणकर "हो" म्हणाले आणि त्यांना ठसका लागला. कोणी परका बसला असता तर त्यांनी त्याला घरी बसून खुशाल शिव्या घातल्या असत्या. सुनेला शिव्याही घालता येईनात. ती पाणी घेऊन आली आणि त्यांची पाठ चोळू लागली, तेव्हा तर त्यांना तिचा हात झटकून टाकावासा वाटला.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण सुनेने घरातलं मीठही हातात घेतलं. बायकोने ते आनंदाने दिलं, जणू वाटच बघत होती. मिठाची बरणी नेहमीच्या फळीवरून नाहीशी झाली. पहिल्या दिवशी भाजी तोंडात घातली तर ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. भात म्हणजे नुसता भात. चाखणकरांनी घास तोंडात इकडून तिकडे फिरवला, सुनेकडे बघितलं, आणि गिळला. त्यांना रक्तदाब उतरवायचा होता, कारण तो उतरल्याशिवाय स्टूल परत मिळणार नव्हतं. त्या स्टुलासाठी ते पुठ्ठा काय, लाकूडसुद्धा खायला तयार होते.

पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. एकदा सून कामावर गेल्यावर त्यांनी बायकोजवळ विषय काढला. ही पोरगी मला मुद्दाम अळणी खायला घालते, म्हणाले. जिभेला मीठ मिळालं नाही की जीभ बोथट होते. मग मी परत गेलो तरी मला काय कळणार? हिचं स्टूल कायमचं पक्कं.

बायको लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, तुमची जीभ म्हणजे काय सुरी आहे, बोथट व्हायला?"

मात्र त्या दिवसापासून चाखणकर जेवताना सुनेच्या हाताकडे टक लावून बघू लागले. तिची बोटं बारीक होती आणि ती मीठ चिमटीत धरून जरा वरून सोडायची, म्हणजे ते सगळीकडे सारखं पडे. ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. चाखणकरांना स्वतःला ती उमगायला कितीतरी वर्षं लागली होती. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या पोटात दुखलं.

गल्लीतले लोक तर जखमेवर मीठ चोळायला टपलेलेच. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, की हल्ली तुमच्या कारखान्याच्या मालाला काय हात लागलाय कोण जाणे, एक पाकीट संपलं की गिऱ्हाईक दुसरं मागतं. पूर्वी वेफर्सबरोबर सरबताची बाटली खपायची, आता नुसते वेफर्स खपतात, तेवढंच माझं नुकसान. तो हसला. चाखणकरांनाही हसावं लागलं. घरी येताना त्यांनी हिशेब लावला तो असा, की सुनेने सरळ मीठ वाढवलं असणार. नवशिका माणूस दुसरं काय करतो? जिभेचा भरवसा नसला की मीठ ओततो, आणि लोकांना काय, खारट म्हणजे चविष्ट. खात्री करून घ्यायची तर पाकिटातला एक तुकडाही खायची त्यांना बंदी. ज्या पाकिटातलं मीठ त्यांनी जन्मभर ठरवलं, ते शेजारच्या पोराने त्यांच्या डोळ्यांसमोर फोडून खाल्लं आणि ते नुसते बघत राहिले.

ऋतू बदलला. दंडाचा पट्टा दर वेळी जरा आधी सैल होऊ लागला. शेवटी डॉक्टरांनी आकडा दोनदा बघितला आणि तेही खूश झाले. एकट्या औषधाने हे झालं नसतं, म्हणाले. घरी स्वयंपाक कोण करतं?

"सून," चाखणकर म्हणाले, दात उपटून दिल्यासारखे.

डॉक्टरांनी सुनेचं कौतुक केलं आणि ते बराच वेळ केलं. म्हणजे आता चाखणकरांचा रक्तदाबसुद्धा सुनेच्या नावावर जमा झाला. तरी जाता जाता त्यांनी विचारून घेतलंच. कामावर जायला हरकत नाही, पण चाखलेलं थुंकायचं, एवढं कबूल करत असाल तर जा, असं डॉक्टर म्हणाले. चाखणकरांनी ते मान खाली घालून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेले. भट्टीवाल्याने हातातला झारा ठेवून त्यांना मिठी मारली. मालकीणबाईंनी खुर्ची दिली, तब्येत विचारली आणि मग त्या टेबलावरचं पेन इकडचं तिकडे ठेवू लागल्या. त्यांची अडचण कळत होती. स्टूल एक आणि जिभा दोन. माल चांगला खपतोय, तक्रार कोणाची नाही, पोरीला उठवायचं तरी काय सांगून, आणि चाखणकरांना नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

ही अडचण चाखणकरांनीच सोडवली. दोन ताटं करा, ते म्हणाले. एकाच बटाट्याची, एकाच तळणीची. एकावर माझं जुनं मिश्रण, एकावर तिचं. मला माझं ओळखता आलं नाही तर मी या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि मिश्रण दुसऱ्या कोणी करायचं नाही, दोन्ही तिनेच करायची, म्हणजे बाईंनी पक्षपात केला असं मागाहून कोणी बोलायला नको.

"तिला तुमचं जमेल?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझ्या पिंपासमोर वर्षानुवर्षं पाकिटं भरलीत तिने. न जमायला काय झालं?"

हे बोलताना त्यांना वाटलं, नाही जमलं तर आणखी चांगलं.

ताटं तयार होईपर्यंत चाखणकर भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे सुनेच्या बांगड्या वाजल्या, डबे उघडले, मिटले. मग मालकीणबाईंनी त्यांना वळायला सांगितलं. टेबलावर दोन ताटं होती, दिसायला जुळी. सून पलीकडे उभी होती, हात पुसत. चाखणकरांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाण्याने खळखळून चूळ भरली, पहिल्या ताटातला वेफर उचलला आणि छताकडे बघत चावला.

आधी बटाटा आला. मग मीठ आलं, पण दार वाजवून आलं, घुसलं नाही. शेवटी मिरपूड. किती महिन्यांनी तोंडात असं काही पडत होतं. चाखणकरांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी आणखी वर बघितलं. हेच. याच्यासाठीच तर पुठ्ठा खाल्ला.

दुसऱ्या ताटातला वेफर जिभेवर ठेवला मात्र, जीभ आक्रसून मागे गेली. मिठाने हिरड्या चरचरल्या. त्यांनी घाईघाईने रुमाल काढून त्यात घास थुंकला, आणि हे डॉक्टरांना दिलेल्या शब्दाखातर नव्हतं. पुन्हा चूळ भरली. मग त्यांना जोर चढला. आजवर मनात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. पहिलं ताट माझं, ते म्हणाले. आणि हे दुसरं ज्याने केलं त्याला मिठाच्या पोत्याजवळ उभं करू नका. याला चव म्हणत नाहीत, हा खाणाऱ्याच्या तोंडावर मारलेला फटका आहे. असलं पोराबाळांना खायला घालायचं? उद्या त्यांची माझ्यासारखी गत झाली तर?

भट्टीवाला दारातून मागे सरकला. मालकीणबाई सुनेकडे वळल्या आणि कोणतं कोणाचं ते सांग म्हणाल्या.

सून दोन्ही ताटांकडे बघत राहिली. तिने हात पुसायचं फडकं घडी करून टेबलाच्या कडेला ठेवलं.

"बाबांनी बरोबर ओळखलं," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मग सोमवारपासून या, त्या चाखणकरांना म्हणाल्या, आणि तू पुन्हा पाकिटांवर, चालेल ना गं? सुनेने चालेल म्हटलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. चाखणकरांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याचा चेहरा बघायचा असतो, आणि ते तर किती दिवस त्याचीच वाट बघत होते. पण तिच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. टेबलावर सांडलेलं मीठ ती तळहाताने गोळा करत होती.

तेवढ्यात चाखणकरांना जिभेच्या मुळाशी काहीतरी लागलं.

दोनदा चूळ भरूनही ते तिथे होतं. आंबट. अगदी पुसट, मीठ ओसरल्यावर मागे उरणारं. त्यांनी ओठ मिटले आणि ते तसेच उभे राहिले. मग हात पुढे करून त्यांनी दुसऱ्या ताटातला आणखी एक वेफर उचलला. मालकीणबाई हसून म्हणाल्या, राहू द्या हो, कशाला पुन्हा. त्यांनी तो चावला, आणि या वेळी थुंकला नाही. मीठ सहन केलं, ते जाईपर्यंत थांबले, आणि त्याच्या मागून लिंबूफूल आलं.

लिंबूफुलाची ती चिमूट चाखणकर स्वतः घालत. पिंपात मिश्रण पडायच्या आधी, कोणाचं लक्ष नसताना, खिशातल्या पुडीतून. जगात ते कोणालाही ठाऊक नव्हतं. भट्टीवाल्याला नाही, बाईंना नाही, बायकोलाही नाही. पहिल्या ताटात ते नव्हतं आणि नाही हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे जे थुंकलं ते त्यांचं होतं. मीठसुद्धा त्यांचंच होतं, तंतोतंत. वर्षानुवर्षं "थोडं, थोडं" म्हणत त्यांनी ते इथवर आणून ठेवलं होतं. स्वतःची जीभ जाड होत गेली तसं मीठ वाढत गेलं, आणि सगळं गाव त्यांच्या जिभेमागून गेलं.

आणि या पोरीने पुडी न बघता, कोणाला न विचारता, नुसत्या जिभेने ती चिमूट हुडकून काढली होती. मग स्वतः स्टुलावर बसल्यावर तिने गाजावाजा न करता ती वगळली, मीठही कमी केलं, आणि कोणाला पत्ता लागला नाही. आता तर खोटं बोलून स्टूलही परत देत होती.

यावर चाखणकरांना शरम वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटला तो मत्सरच, आणि एवढा मत्सर त्यांना आजवर कधी वाटला नव्हता. हिने स्टूल घेतलं, चूल घेतली, रक्तदाब घेतला. एक मोठेपणा तेवढा उरला होता, तोही हीच घेऊन चालली. सोमवारपासून ते स्टुलावर बसतील आणि उचललेला प्रत्येक वेफर हिने टाकलेली भीक असेल. हे तिला मिळू द्यायचं नाही. काही झालं तरी हे नाही.

"बाई, ती खोटं बोलतेय," चाखणकर म्हणाले.

मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"चाखणकर, अहो, तुमच्याच बाजूने बोलली ना ती?"

"म्हणूनच सांगतोय." त्यांनी दुसरं ताट बोटाने पुढे सरकवलं. "हे माझं. ते पहिलं तिचं."

सुनेने मान वर केली. तिच्या मुठीत गोळा केलेलं मीठ होतं, ते कुठे टाकावं हे तिला सुचेना.

"राहू द्या ना, बाबा," ती हळूच म्हणाली.

मालकीणबाई एकदा या ताटाकडे, एकदा त्या ताटाकडे बघत होत्या. त्यांना दोन्ही सारखीच दिसत होती. कोणी खोटं बोललं, कशासाठी बोललं, यात शिरायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना माल बाहेर सोडायचा होता.

"ते तुमचं तुम्ही घरी बघा," त्या म्हणाल्या. "मला एकच सांगा. दोन्हींत चांगलं कुठलं?"

चाखणकरांनी छताकडे बघितलं.

"ते मी मघाशीच सांगितलं," ते म्हणाले.